काचघर कोणत्या खात्यात?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत एक तरुण उभा राहिला. घरची दहा एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर आणि थोडी ज्वारी. शिवाय घरामागे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस. त्याने बोलायला सुरुवात केली ती प्रश्नानेच. "भाऊ, मी शेतकरी आहे की कारखानदार, एवढे मला आधी सांगा. मग पुढचे बोलतो."

सभेत हशा पिकला. तो मात्र हसला नाही. त्याची कहाणी अशी. पॉलिहाऊस उभे करायचे होते तेव्हा साहेब आले, अनुदानाच्या फायलीवर सही झाली. ढोबळी मिरची लाल-पिवळी झाली तेव्हा फोटो निघाला आणि 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून फलकावर लागला. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वावटळ आली. छताचा प्लास्टिक कागद फाटून शेजारच्या धुऱ्यावर जाऊन पडला, पाइप वाकले, मिरची झोपली. पीकविम्याकडे गेला तर उत्तर मिळाले, 'हे पीक आमच्या यादीत नाही.' यादीत कापूस आहे, ज्वारी आहे, तूर, सोयाबीन, कांदा आहे. ढोबळी मिरची नाही. शिवाय पीकविम्यात उत्पन्न मोजायचे ते महसूल मंडळ धरून. एका छपराखाली काय झाले याचे त्या हिशेबात स्थानच नाही. बँकेत गेला तर साहेब म्हणाले, 'तुमचे पीककर्ज नाही, प्रकल्पाचे मुदत कर्ज आहे.' २०१९ ची कर्जमाफी आली, ती पीककर्जापुरती. मुदत कर्ज बाहेर. "म्हणजे भाऊ, फोटोत मी शेतकरी आणि बुडालो की कारखानदार!"

त्याच्या मागून एक म्हातारे काका उठले. ते म्हणाले, "पोरा, तू निदान फोटोत तरी आलास. आमचे दहा एकर २००८ साली कर्जमाफीतून बाहेर ठेवले. का, तर म्हणे तुम्ही मोठे शेतकरी."

ही दोन्ही दुखणी वरवर वेगळी दिसतात. एक छपराखालचे, दुसरे उघड्या आभाळाखालचे. घरी परतताना आम्ही यावर विचार करत होतो. जसजसे खोदत गेलो तसतसे ध्यानात आले की दोघांचे मूळ एकच आहे. सरकार माणसाला कोणत्या खात्यात टाकते आणि त्या खात्यात काय मोजते, यावर त्याचे भले-बुरे ठरते. या वेळी आम्ही त्या खात्याबद्दलच लिहिणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. पण सातबाराही रुक्षच असतो. म्हणून तो कोणी वाचायचे सोडत नाही.

अमेरिकेचा एक आकडा

प्रत्येक देशाचे सरकार धंद्यांची एक यादी ठेवते. कोण काय करतो, त्यात किती माणसे राबतात, किती माल निघतो, हे मोजायचे तर आधी धंद्यांची खाती पाडावी लागतात. प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांनी मिळून १९९७ साली अशी एक सामाईक यादी केली. त्याआधी अमेरिकेची स्वतःची जुनी यादी होती. नवी यादी दर पाच वर्षांनी तपासली जाते.

त्या यादीत ११ हा आकडा शेती, वने, मासेमारी आणि शिकार यांचा. १११ म्हणजे पिके घेणारे. कापसाला स्वतःचे खाते आहे, १११९२०. टेक्सासातला कापूसवाला त्यात. ज्वारीला मात्र स्वतःचे खाते नाही. कॅन्ससमध्ये मैलोनमैल ज्वारी पिकते, तरी ती 'इतर सर्व धान्ये' या गाठोड्यात आहे, ११११९९. म्हणजे ज्वारीच्या नशिबी तिकडेही 'इतर'च!

आता भाजीपाला पाहा. उघड्या शेतातल्या भाजीपाल्याचे खाते एक, १११२ ने सुरू होणारे. काचघरातल्या, प्लास्टिकखालच्या भाजीपाल्याचे खाते दुसरेच, १११४१९. त्याचे नाव 'आच्छादनाखाली घेतलेली इतर अन्नपिके'. 'इतर' अशासाठी की अळिंबीला त्याच घरात वेगळा क्रमांक दिला आहे, १११४११. मातीविना, नुसत्या खतपाण्यावर भाजी वाढवणारे, ज्यांना हायड्रोपोनिक म्हणतात, तेही याच १११४१९ मध्ये बसतात. आणि या खात्याचे शेजारी कोण? तर रोपवाटिका आणि फुले. म्हणजे काचेखालचा टोमॅटो हा शेतातल्या टोमॅटोचा शेजारी धरलेला नाही, गुलाबाचा शेजारी धरलेला आहे. पीक कोणते यापेक्षा ते कसे घेतले, यावर शेजार ठरला.

यात आमच्या मते दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली ही की माती नाही म्हणून त्यांनी या धंद्याला शेतीतून हाकलले नाही. घर शेतीचेच ठेवले. दुसरी ही की त्याला उघड्या शेतात मिसळलेही नाही. चूल वेगळी मांडली. अमेरिकेच्या शेतीगणनेत काचघर एकरात मोजत नाहीत, चौरस फुटात मोजतात. एकराच्या मापाने काचघराचा अंदाज येत नाही, हे त्यांना कळलेले आहे.

क्रमांक मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे नाही. केंटकीतली ॲपहार्वेस्ट आणि न्यू जर्सीतली एरोफार्म्स या छपराखाली भाजी पिकवणाऱ्या मोठ्या कंपन्या २०२३ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेल्या. पण खाते वेगळे असले की कोणाचे काय झाले हे निदान दिसते. त्यांच्या नुकसानीवरून कोणी कॅन्ससच्या ज्वारीवाल्याची पत ठरवत नाही आणि त्यांच्या भरभराटीवरून टेक्सासच्या कापूसवाल्याला श्रीमंतही ठरवत नाही.

युरोप याहून एक पाऊल पुढे गेला. तिथे शेत लहान की मोठे हे हेक्टरावर ठरत नाही. त्या शेतातून साधारण किती युरोचा माल निघू शकतो, यावर ठरते. आणि आच्छादनाखालची बागायत हा तिथेही वेगळा प्रकार धरतात. हॉलंडमधला पाच एकर काचघराचा मालक आणि पाच एकर कुरणाचा मालक यांना एका मापाने मोजण्याचा वेडेपणा तिथे होत नाही.

आमच्याकडची पंगत

आता आपल्या देशाकडे या. संयुक्त राष्ट्रांची जगासाठी एक यादी आहे. तिच्यावर बेतून आपल्या सरकारने २००८ साली राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण केले. नाव औद्योगिक, पण त्यात शेतीही आहे, अगदी पहिल्या पानावर. त्यात भाजीपाल्याचे खाते एकच, ०११३. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तर स्वच्छ लिहिले आहे की उघड्या शेतातली पिके आणि हरितगृहातली पिके ही दोन्ही याच विभागात धरायची. म्हणजे पावसाच्या भरवशावर नदीकाठी वांगी लावणारी विधवा बाई आणि संगणकावर खतपाणी सोडणारी कंपनी, दोघी एका पंगतीला.

पंगतीत बसायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती सरासरीला. दहा जणांच्या पंगतीत एकाने दहा लाडू खाल्ले आणि नऊ जण उपाशी उठले, तर हिशेबनीस लिहितो, 'माणशी एक लाडू वाढला.' जेवणावळ झकास झाली! फलोत्पादनाचे, भाजीपाल्याचे, 'शेतीच्या विकासाचे' आकडे असेच छापून येतात. आम्ही ते वाचतो आणि आपल्या पऱ्हाटीकडे पाहतो. बोंडअळीने खाल्लेले बोंड हातात असते आणि कागद सांगतो की शेती पुढे चालली आहे. कागद खोटे बोलत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या ताटातला लाडू आमच्या नावावर मांडतो.

घेताना कळले, देताना विसरले

काकांच्या दहा एकरांची गोष्ट आता सांगतो. कारण खाते चुकले की काय होते, याचा याहून मोठा धडा नाही.

२००८ साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच एकरांपर्यंत ज्याची जमीन, त्याचे थकलेले पात्र कर्ज पूर्ण माफ. त्यावर ज्याची जमीन, त्याला पंचवीस टक्के सूट, तीही उरलेले पंचाहत्तर टक्के भरल्यावर. दुष्काळी जिल्ह्यांच्या यादीत असाल तर पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यातले जे जास्त ते. पाच एकर पाटाच्या पाण्याचा ऊसवाला अल्पभूधारक ठरला. दहा एकर खडकाळ रानाचा कापूसवाला मोठा शेतकरी ठरला. ज्या विदर्भातल्या आत्महत्यांमुळे ही माफी निघाली म्हणतात, त्याच विदर्भातले कोरडवाहू शेतकरी मोठ्या संख्येने या रेषेबाहेर राहिले. पुढे राज्याने थोडी मलमपट्टी केली, पण रेष तीच राहिली.

सरकारला एकर आणि एकर यांतला फरक माहीत नव्हता काय? चांगला माहीत होता. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा. १९७५ पासून त्यात जी मर्यादा लागू झाली ती पाहा. बारमाही पाण्याची जमीन असेल तर १८ एकर. कोरडवाहू असेल तर ५४ एकर. म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे की तीन एकर कोरडवाहू बरोबर एक एकर बारमाही बागायत. हा हिशेब जमीन काढून घेताना होता, तेव्हा सरकारला तो तोंडपाठ होता. माफी द्यायची वेळ आली तेव्हा एकर म्हणजे एकर झाला.

आता याच तीनास एक हिशेबाने काकांची जमीन मोजा. दहा एकर कोरडवाहू म्हणजे तीन एकर तेरा गुंठे बागायत. पाच एकरांच्या आत! त्या मापाने पंधरा एकरांपर्यंतचा कोरडवाहू शेतकरी अल्पभूधारक ठरला असता. कोणी म्हणेल, कमाल मर्यादेचा कायदा राज्याचा आणि माफी केंद्राची. ते आम्हालाही ठाऊक आहे. पण जमीन कोणत्या सरकारची आहे हे पाहून पाऊस पडत नाही.

आणि आता यात पॉलिहाऊस आणून बसवा. देशाच्या शेतीगणनेत एक हेक्टराच्या आतला तो सीमांत, दोन हेक्टरांपर्यंतचा लहान, आणि चार ते दहा हेक्टरांचा 'मध्यम'. दहा एकर म्हणजे चार हेक्टरांवर थोडे. म्हणजे काका 'मध्यम' शेतकरी. एक एकर काचघराचा मालक, ज्याच्याकडे तेवढीच जमीन आहे, तो 'सीमांत' शेतकरी. कागदावर काका त्याच्यापेक्षा तीन पायऱ्या वर!

एक एकर पॉलिहाऊस म्हणजे काय चीज आहे तेही आकड्यात पाहू. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या नियमांत पाइपाच्या साध्या पॉलिहाऊसला, आकार मोठा असेल तर, चौरस मीटरला ८४४ रुपयांपर्यंतचा खर्च धरला होता. एका लाभार्थ्याला चार हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक एकर, आणि निम्मे अनुदान. गुणाकार करा. खर्च ३३ लाख ७६ हजार, अनुदान १६ लाख ८८ हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. त्या भावाने हे अनुदान म्हणजे २०८ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला, तर जवळजवळ बेचाळीस एकरांचे सगळे पीक. तेही हमीभाव पदरात पडला तर.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की पॉलिहाऊसवाल्याने आम्हाला लुटले. अनुदानाचे निम्मे सोडले तर उरलेले निम्मे त्याने कर्ज काढून घातले आहे. आमचा तो तरुण त्याच कर्जात बुडाला आहे. भांडण त्याच्याशी नाही. भांडण त्या मापाशी आहे, जे दोघांनाही खोटे ठरवते. एकाला गरीब असून मोठा म्हणते, दुसऱ्याला चौतीस लाखांचा धंदा असून सीमांत म्हणते आणि तो बुडाला की शेतकरी मानायलाच तयार होत नाही.

माती नाही म्हणून शेती नाही?

आमच्यातले काही मित्र रागाने म्हणतात, ज्याला माती लागत नाही ती शेती कसली? काढा त्यांना शेतीच्या बाहेर. टाका कारखान्याच्या खात्यात.

या रागामागचे कारण आम्हाला समजते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ती सूट होती आणि संसदेने २०२५ साली नवा कायदा केला त्यातही ठेवली आहे. आमच्या कापसाला त्या सुटीचा उपयोग काय? उत्पन्नच नाही तर कर कसला! उपयोग होतो तो ज्याचे उत्पन्न मोठे त्याला. म्हणून शेती कशाला म्हणावे यावर कोर्टात वाद रंगतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितले की जमिनीवर नांगरणी, पेरणी, लावणी अशी मूळ मशागत हवी, तर ती शेती. २००८ साली संसदेने रोपवाटिकेतल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे धरले. २०१८ साली हैदराबादला आयकर लवादाच्या विशेष पीठासमोर अळिंबीचा प्रश्न आला. बंद खोलीत, मांडणीवर रचलेल्या तबकांत अळिंबी. पीठाने म्हटले, तबकातली माती ही जमीनच, म्हणून हे उत्पन्न शेतीचे. आता ज्याच्या तबकात मातीही नाही, नुसते खतपाणी वाहते, त्याने काय दाखवायचे? कायद्यात शब्द 'जमीन' आहे.

पण मातीची कसोटी लावायला निघालात तर ती कुठवर नेणार? आज पॉलिहाऊसमध्ये लहान शेतकरीसुद्धा कोकोपीटच्या पिशवीत काकडी लावतो. मिरची-टोमॅटोची रोपे ट्रेमध्ये कोकोपीटवरच होतात. एकदा माती हीच शेतीची खूण ठरली, की उद्या आपल्याच कोरडवाहू घरातला पोरगा चार गुंठ्यांत काही नवे करू लागला तर त्याला पहिल्या दिवशी कारखानदार म्हणतील. वीज कारखान्याची, व्याज कारखान्याचे, कर कारखान्याचा. कंपनीला हे परवडेल. आपल्या पोराला परवडणार नाही. शेतीचे दार अरुंद केले की त्यात पहिला अडकतो तो आपलाच माणूस.

दुसरी बाजूही आहे. सगळ्यांना एकाच खात्यात ठेवले तर शहरातला माणूस काचघराचा फोटो पाहतो आणि म्हणतो, 'शेतकरी इतके श्रीमंत झाले, आता लावा त्यांना कर.' फोटो त्याचा, शिव्या आम्हाला. खाते वेगळे असेल तर आम्ही त्याला आकडा दाखवू शकतो. कोणाचे उत्पन्न किती, कोणाला अनुदान किती, कोण बुडाले किती. आकडा नसेल तर फोटोच जिंकतो.

वीजवाल्यांना कळले ते

कोणी म्हणेल, एवढी बारीक विभागणी सरकारी यंत्रणेला जमणार नाही. आमचे उत्तर आहे, जिथे पैसे वसूल करायचे असतात तिथे ती जमलेली आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे दरआदेश पाहा. त्यांत शेतीपंपांचा गट एक आणि 'कृषी – इतर' असा गट दुसरा केला. या दुसऱ्या गटात हरितगृह आले, ऊतिसंवर्धन आले, अळिंबी आली, कोंबडीपालन आले. दर शेतीपंपाहून वेगळा आणि कारखान्याहूनही वेगळा. अट एवढीच की वीज पीक वाढवण्याच्या कामालाच वापरायची, कारखानदारीच्या कामाला नाही. बघा, किती सरळ! शेती आहे, पण शेतीतला वेगळा प्रकार आहे. घर एक, चूल वेगळी. वीजबिल लिहिणाऱ्याला जे सुचले ते विम्याची यादी लिहिणाऱ्याला आणि शेतीचे आकडे जुळवणाऱ्याला सुचू नये?

आणि आपल्या गावच्या तलाठ्याला विचारा. सातबाराच्या बारा नंबरात जलसिंचित आणि अजलसिंचित असे रकाने आपल्या बापजाद्यांपासून आहेत. जिरायत आणि बागायत हा फरक कागदाला पूर्वीपासून कळतो. पाणी आहे की नाही हे ज्या कागदाला कळते, त्याला छप्पर आहे की नाही हे कळवायला एक रकाना पुरे.

उलट जिथे गोंधळ ठेवला, तिथे काय झाले हेही आपण पाहिले आहे. १९९० नंतर पुण्याच्या आसपास निर्यातीच्या गुलाबासाठी मोठमोठी हरितगृहे उभी राहिली. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने तळेगाव दाभाड्याला फुलशेतीचे उद्यान केले. प्लॉट औद्योगिक महामंडळाचा, आत गुलाबाची लागवड! त्यांतल्या काहींनी पैसा केला, बरेच आजारी पडले. पण किती तरले आणि किती बुडाले हा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्यापुढे कोणी कधी मांडला? त्याला फक्त सांगितले गेले, 'बघा, शेतीत पैसा आहे, तुम्हीच आळशी.'

मग मागायचे काय?

धंद्यांच्या याद्या कायमच्या नसतात. त्या पुन्हा पुन्हा मांडल्या जातात. मांडणाऱ्यांच्या टेबलापाशी कंपन्यांचे लोक असतात, संख्याशास्त्राचे पंडित असतात. पऱ्हाटीवाला नसतो. म्हणून आपले म्हणणे आपणच लिहून दिले पाहिजे. आमच्या विचाराने ते चार कलमांचे असावे.

एक. छपराखालची आणि मातीविना होणारी लागवड ही शेतीच मानावी, पण शेतीच्या घरात तिला स्वतःचे खाते द्यावे. ते खाते चौरस मीटरात मोजावे. त्यात दहा-वीस गुंठ्यांचा शेतकरी आणि कंपनी हेही वेगळे दिसावेत.

दोन. लहान शेतकरी कोण, हे नुसत्या हेक्टरावर ठरवू नये. सरकारने कमाल मर्यादेसाठी तीन एकर कोरडवाहू बरोबर एक एकर बारमाही बागायत हे माप लावलेच आहे. जमीन घेताना जे माप चालले, ते मदत देतानाही चालवावे.

तीन. ज्याला अनुदानाच्या दिवशी शेतकरी म्हटले, त्याला नुकसानीच्या दिवशीही शेतकरी म्हणावे. पॉलिहाऊसच्या पिकाला आणि सांगाड्याला परवडेल असा विमा मिळावा. मुदत कर्ज आहे एवढ्या कारणाने त्याला माफीतून आणि पुनर्गठनातून बाहेर ठेवू नये.

चार. जिल्ह्याच्या शेतीचे आकडे छापताना कोरडवाहू, बागायत आणि छपराखालची शेती हे तीन रकाने वेगळे छापावेत. बेरीज हवी तर खाली करावी, पण रकाने झाकू नयेत.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. गावात कोरडवाहू किती एकर, पाण्याखालची किती आणि छपराखाली किती गुंठे, हे तीन आकडे एका कागदावर लिहून आणावेत. त्यापुढे प्रत्येकावर कर्ज किती, तेही लिहावे. तलाठी देईल तर त्याच्याकडून घ्या, नाही तर चावडीवर बसून स्वतः जुळवा. दीडशे-दोनशे गावांचे असे कागद एकत्र झाले तर जिल्ह्याची जी यादी सरकारने कधी केली नाही, ती आपली तयार होईल.

त्या तरुणाने आपल्या गावाचा कागद लिहायला घेतला आहे. काका आकडे सांगतात, हा लिहितो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊ, माझे नाव कोणत्या रकान्यात घालू? दहा एकर इकडे आणि दहा गुंठे तिकडे." आम्ही म्हटले, दोन्हीत घाल. माणूस एकच असतो, पण त्याचे दुखणे दोन ठिकाणी असेल तर ते दोन ठिकाणी लिहिले गेले पाहिजे.